संधिवाताचं ‘नॅनो’ औषध: बातमी खरी आहे, पण गोळी बंद करू नका

‘उंदरांवरील प्रयोगात संधिवात आटोक्यात, नॅनोकणांची कमाल’ अशा मथळ्याची बातमी अधूनमधून येतच असते. ठाण्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पोहोचेपर्यंत तिचं ‘संधिवात आता एका इंजेक्शनमध्ये बरा’ असं झालेलं असतं. मग खालच्या मजल्यावरच्या काकू विचारतात, “मग मी ती सोमवारची गोळी घेऊ, की थोडं थांबू?”

उत्तर आधीच देऊन टाकते. काकू, गोळी घ्या. बातमी खोटी नाही, पण तिच्यात जे लिहिलंय आणि आपण जे वाचतो त्यात बरंच अंतर आहे.

आधी संधिवात कोणता, ते ठरवू

आपल्याकडे सांधा दुखला की सगळ्याला ‘वात’च म्हणतात. सत्तरीतल्या आजोबांचे गुडघे जिना चढताना कुरकुरतात, ती झीज असते. काकूंचा आजार वेगळा आहे. त्याचं वैद्यकीय नाव ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस. यात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा चुकून स्वतःच्याच सांध्यांवर हल्ला करते. हा म्हातारपणाचा आजार नाही, तो तिशी-चाळिशीतही सुरू होतो. शंभर-दोनशे प्रौढांमागे साधारण एकाला तो असतो आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये दोन ते तीन पट जास्त दिसतो.

ओळखीची खूण म्हणजे सकाळ. उठल्यावर अर्धा-एक तास, कधी त्याहून जास्त वेळ बोटं आखडलेली राहतात. दोन्ही हातांचे तेच तेच सांधे सुजतात. डब्याचं झाकण फिरवता येत नाही, कणीक मळवत नाही, ठाणे-वाशी लोकलमध्ये वरची कडी धरायची म्हटलं तर मूठ मिटत नाही.

आत काय चाललेलं असतं? सांध्याला आतून एक पातळ अस्तर असतं आणि ते सांध्याचं वंगण तयार करतं. या आजारात ते अस्तर सुजतं, जाड होतं आणि शेजारचं हाड व कूर्चा (हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत आवरण) कुरतडू लागतं. त्या अस्तरात भक्षक पेशींची गर्दी जमलेली असते. भक्षक पेशी म्हणजे समोर आलेला जंतू, कचरा, परका कण गिळून टाकणाऱ्या पेशी. एरवी त्या आपल्या कामाच्या, पण इथे त्या बिथरलेल्या असतात आणि सूज वाढवणारी रसायनं सतत सोडत राहतात. त्यातलं सर्वांत बदनाम रसायन म्हणजे टीएनएफ. वाढलेल्या अस्तराला रक्त हवं म्हणून घाईघाईने नव्या रक्तवाहिन्या फुटतात. घाईत झालेलं बांधकाम जसं असायचं तसंच असतं: भिंतीत फटी राहतात, वाहिन्या गळक्या असतात.

या गळक्या वाहिन्या आणि त्या खादाड पेशी, एवढं ध्यानात ठेवा. पुढचं सगळं त्यांच्यावरच उभं आहे.

गोळी पोटात गेल्यावर कुठे जाते?

सगळीकडे. अडचण नेमकी हीच.

काकूंची सोमवारची गोळी म्हणजे मेथोट्रेक्झेट. अमेरिकेत १९८८ मध्ये तिला या आजारासाठी मान्यता मिळाली आणि आजही जगभर उपचाराची सुरुवात बहुतेक वेळा तिच्यापासूनच होते. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. म्हणून वार ठरवायचा, कॅलेंडरवर खूण करायची आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी फॉलिक ॲसिड घ्यायचं. मुलगा इंटरनेटवर नाव शोधतो आणि ‘हे तर कॅन्सरचं औषध!’ म्हणून घाबरतो. खरं आहे, पण कॅन्सरमधले मोठे डोस कितीतरी पटींनी जास्त असतात. तरीही या छोट्या डोसानेही काहींना मळमळतं, तोंड येतं, यकृतावर ताण पडतो, रक्तपेशी कमी होतात. म्हणून तर दर काही आठवड्यांनी रक्त तपासायला सांगतात.

दुसरं औषध स्टेरॉइड. त्याची गोष्ट जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच या डॉक्टरांनी अंथरुणाला खिळलेल्या एका २९ वर्षांच्या बाईंना कॉर्टिझोन या स्टेरॉइडची इंजेक्शनं द्यायला सुरुवात केली. काही दिवसांतच त्या चालू लागल्या आणि चक्क बाजारात खरेदीला गेल्या. दोनच वर्षांत, १९५० साली, हेंच आणि याच रसायनांवर काम करणारे केंडॉल व राइखश्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळालं. जगाला वाटलं, संधिवात संपला. मग मोठ्या डोसांची किंमत दिसू लागली: चेहरा सुजणं, हाडं ठिसूळ होणं, साखर वाढणं, जंतुसंसर्ग. औषधाने सांध्यातली आग विझवली होती यात शंका नाही, पण जिथे आग नव्हती तिथेही ते तितक्याच जोरात पोहोचत होतं.

१९९८ नंतर टीएनएफला थेट अडवणारी इंजेक्शनं आली. अनेकांचं आयुष्य त्यांनी बदललं. पण तीही संपूर्ण शरीरातली प्रतिकारशक्ती थोडी दाबतात, आणि आपल्या देशात त्याचा पहिला अर्थ म्हणजे दबून बसलेला क्षय जागा होण्याची भीती. ही इंजेक्शनं सुरू करण्याआधी टीबीची तपासणी करतात ती यासाठीच.

थोडक्यात, जोरदार औषधं आपल्याकडे आहेत. ती नेमकी जागा ओळखत नाहीत, एवढाच त्यांचा दोष आहे.

पेस्ट कंट्रोलची जुनी आणि नवी रीत

पूर्वी झुरळांसाठी घरभर फवारणी व्हायची. ओट्यावरची भांडी बाहेर, डबे कपड्याखाली, दिवसभर घराला कुलूप आणि नंतर दोन दिवस तो वास. आता पेस्ट कंट्रोलवाला येतो आणि बिजागरीच्या मागे, सिंकच्या खाली, फ्रिजच्या कोपऱ्यात जेलचे बारीक ठिपके लावून जातो. विष घरभर नसतं. झुरळ आपल्याच सवयीने येतं, ते खातं आणि मरतं.

संधिवाताच्या गोळ्या ही फवारणी आहे. नॅनोकणांची कल्पना त्या जेलची आहे. इथल्या खादाड पेशींची सवय वापरून औषध त्यांच्याच पोटात घालायचं, म्हणजे बाकीच्या घराला वास लागायला नको. फरक एकच, आणि तो महत्त्वाचा: इथे ठिपका लावायला कुणी हात घालून आत जात नाही. कण रक्तात सोडायचा आणि त्याने आपला कोपरा स्वतः गाठायचा.

हा कण असतो तरी कसा?

नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. औषध वाहून नेणारे कण बहुतेक १०० नॅनोमीटरच्या आसपास ठेवतात, आणि हा आकडा मनाला आला म्हणून ठरलेला नाही. पाच-सहा नॅनोमीटरपेक्षा लहान कण मूत्रपिंडं गाळून लघवीवाटे बाहेर टाकतात. दोनशेच्या वर गेलेले कण प्लीहा (पोटातला रक्त गाळणारा अवयव) पकडते. शिवाय निरोगी रक्तवाहिनीच्या भिंतीतून शंभर नॅनोमीटरचा कण सहसा बाहेर पडत नाही. सुजलेल्या सांध्यातल्या गळक्या वाहिनीतून मात्र तो निसटू शकतो.

सगळ्यात जुना आणि भरवशाचा कण म्हणजे लिपोसोम, स्निग्ध पदार्थांच्या दुहेरी पापुद्र्याचा पोकळ बुडबुडा. हा पापुद्रा ज्या घटकांचा असतो ते सोयाबीन आणि अंड्याच्या बलकातही सापडतात. १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळ ॲलेक बँगहॅम यांनी तो पहिल्यांदा ओळखला. बुडबुड्याच्या पोकळीत पाण्यात विरघळणारं औषध भरता येतं आणि पापुद्र्यात तेलात विरघळणारं.

मग त्याच्यावर ‘पेग’ नावाच्या पदार्थाचं आवरण चढवतात, म्हणजे रक्तात तो लवकर ओळखू येत नाही आणि जास्त वेळ फिरत राहतो. (बद्धकोष्ठतेसाठी पाण्यात घालून घ्यायची पावडर मिळते ना, तीही याच कुळातली.) हवं तर वर एखादा ओळखीचा रेणू चिकटवतात. उदाहरणार्थ, फॉलिक ॲसिड. बिथरलेल्या भक्षक पेशींच्या पृष्ठभागावर फॉलिक ॲसिड पकडणाऱ्या जागा वाढलेल्या असतात, त्यामुळे कण त्यांना जास्त सहज चिकटतो. काही कण असेही बनवतात की सुजलेल्या सांध्यातली आम्लता लागली की फुटावेत.

सांध्यात शिरला, पण थांबतो का?

कॅन्सरच्या गाठीतही गळक्या वाहिन्या असतात आणि तिथे कण साचतात, हे जपानच्या मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६ मध्ये दाखवलं होतं. गाठीतून निचरा नीट होत नाही, म्हणून आत आलेला कण तिथेच पडून राहतो. सांध्याचं तसं नाही. तिथला निचरा चालू असतो. वाहिनीतून आत शिरलेला कण दुसऱ्या वाटेने बाहेरही जाऊ शकतो. त्याला अडवून ठेवतात त्या भक्षक पेशी. त्या त्याला गिळतात, पचवतात आणि औषध त्यांच्याच आत सुटतं. म्हणजे सांधा खराब करणारी पेशीच औषधाचं कोठार बनते. मला या सगळ्या संशोधनातली सर्वांत चतुर गोष्ट हीच वाटते. वर चिकटवलेल्या रेणूंबद्दल बातम्यांत फार लिहितात, पण बरंचसं काम फक्त योग्य आकार आणि पेशीची भूक यांवरच होतं.

नेदरलँड्समधल्या उट्रेख्तच्या संशोधकांनी २००३ मध्ये हे स्टेरॉइडवर करून पाहिलं. संधिवात झालेल्या उंदरांना लिपोसोममध्ये भरलेलं प्रेडनिसोलोन शिरेतून एकदाच दिलं. सूज जवळपास आठवडाभर पूर्ण उतरली. तेवढंच प्रेडनिसोलोन नुसतं दिलं, तर काही परिणाम झाला नाही. औषध तेच आणि मात्राही तीच होती, फक्त जाण्याची पद्धत बदलली.

हे विज्ञानकथेतलं वाटतं. माणसांवर कधी वापरलंय का?

वापरलंय, आणि तुमच्या ओळखीत कुणाला तरी ते मिळालंही असेल. २०२१चा उन्हाळा आठवा. कोविडनंतरचा म्युकरमायकोसिस, काळी बुरशी. एका इंजेक्शनसाठी लोक ठाण्यापासून पनवेलपर्यंत औषधांची दुकानं पालथी घालत होते. ते औषध होतं लिपोसोमल ॲम्फोटेरिसिन-बी. ‘लिपोसोमल’ हा शब्द त्या दिवसांत चिठ्ठ्यांवर, फोनवर, मेसेजमध्ये सगळीकडे होता. तो काय सांगतो हे विचारायला कुणाला फुरसत नव्हती. साधं ॲम्फोटेरिसिन बुरशी मारतं, पण मूत्रपिंडांना फार इजा करतं, थंडी वाजून ताप आणतं. तेच औषध बुडबुड्यात भरलं की मूत्रपिंडांवरचा मार बराच कमी होतो. ते बनवणाऱ्या मोजक्या भारतीय कंपन्यांपैकी एक, भारत सीरम्स अँड व्हॅक्सिन्स, आपल्याच परिसरातली आहे. कारखाना अंबरनाथला, कार्यालय ऐरोलीला.

याच बुडबुड्याने बिहारमध्ये काळा आजारावर (कालाअजार, वाळूमाशीच्या चाव्यातून होणारा वेगळाच आजार) काम केलं. काळा आजाराचा परजीवी भक्षक पेशींच्या आतच लपून राहतो, मुख्यतः प्लीहा आणि यकृतात. लिपोसोम नेमके तिथेच गिळले जातात. महिनाभर चालणाऱ्या उपचाराची जागा एका दिवसाच्या एका डोसने घेतली.

कॅन्सरवरचं डॉक्सिल हे लिपोसोमचं औषध तर अमेरिकेत १९९५ पासून वापरात आहे. तंत्र जुनं आहे, माणसांत चाललेलं आहे. संधिवातातच ते अडलं आहे.

मग अडलं कुठे?

घरात मांजर असलं की जेल लावताना जपावं लागतं, कारण ठिपका झुरळाच्या आधी मांजरच चाटू शकतं. शरीरातलं हे मांजर म्हणजे यकृत आणि प्लीहा. तिथेही भक्षक पेशी आहेत, प्रचंड संख्येने, आणि रक्तात आलेला कुठलाही परका कण वेचणं हेच त्यांचं काम. काळा आजारात हे पथ्यावर पडलं. संधिवातात ते आडवं येतं.

किती आडवं? टोरांटोच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दहा वर्षांतले कॅन्सरवरचे प्रकाशित प्रयोग एकत्र तपासले. प्राण्यांच्या शिरेत सोडलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोहोचणाऱ्यांचं प्रमाण, मध्यांक (सगळे आकडे क्रमाने लावले की मधोमध येणारा) काढला तर, निघालं फक्त ०.७ टक्के. सांधा म्हणजे कॅन्सरची गाठ नव्हे, तिथला आकडा वेगळा असू शकतो. पण ‘नेमका मारा’ हे शब्द वाचताना हा आकडा शेजारी ठेवावा. नेमकेपणा हा आधीपेक्षा जास्त एवढाच आहे, शंभर टक्के नाही.

म्हणूनच मला मेथोट्रेक्झेटपेक्षा स्टेरॉइडच्या लिपोसोमकडून जास्त आशा वाटते. जे औषध यकृताला आधीच जड जातं, ते यकृताकडे ओढ असलेल्या कणात भरताना फार जपायला हवं. स्टेरॉइडचं मोठं नुकसान हाडं, साखर, त्वचा इथे होतं, त्यामुळे तिथला भाग कमी झाला तरी फायदा दिसेल.

आणखी अडथळे आहेत. काहींना कण शिरेतून जाताना अंग लाल होणं, छाती भरून येणं असा त्रास होतो, म्हणून थेंब हळू सोडावे लागतात. काहींच्या शरीरात पेगविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात आणि मग दुसऱ्या डोसाचे कण लगेच रक्तातून काढून टाकले जातात. संधिवाताचं औषध तर वर्षानुवर्षं घ्यायचं असतं. कारखान्यात लाखो कुप्यांमध्ये प्रत्येक बुडबुडा त्याच मापाचा ठेवणं हेही सोपं नाही. आणि पैसा: म्युकरच्या वेळी लिपोसोमल कुपी साध्यापेक्षा कित्येक पट महाग होती. मेथोट्रेक्झेटचा आठवड्याचा डोस वडापावच्या पैशांत येतो. त्याच्याशी स्पर्धा करायची तर नवं औषध फारच सरस असावं लागेल.

लिपोसोममधलं प्रेडनिसोलोन माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत गेलं. उंदरांवरच्या त्या प्रयोगाला वीस वर्षं उलटली, तरी संधिवातासाठी शिरेतून द्यायचा असा नॅनोकण औषधाच्या दुकानात आलेला नाही.

थेट सांध्यातच इंजेक्शन का देत नाहीत?

देतात. एक गुडघा फारच सुजला असेल तर डॉक्टर त्यात स्टेरॉइड सोडतात आणि चांगला आराम पडतो. पण काकूंचे दोन्ही हातांचे मिळून डझनभर सांधे दुखतात. प्रत्येक बोटात सुई घालणार का?

पण हा आजार सांध्यांपुरता कुठे आहे?

हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस फुप्फुसांना, डोळ्यांना, रक्तवाहिन्यांना त्रास देऊ शकतो, हृदयविकाराचा धोका वाढवतो. मुळातली चूकही सांध्यात झालेली नसते, ती प्रतिकारयंत्रणेच्या ओळखण्यात झालेली असते. मग फक्त सांध्यात औषध नेऊन भागेल का? सगळ्यांचं भागणार नाही. सांध्याची सूज जोरात असताना ती झटकन उतरवायला हे कण उपयोगी पडतील, त्यामुळे रोजच्या स्टेरॉइडच्या गोळ्या कमी करता येतील. मूळ औषध सुरूच ठेवावं लागेल. नॅनोकण वापरून प्रतिकारयंत्रणेला ‘हे आपलंच आहे’ असं पुन्हा शिकवायचे प्रयत्नही चालू आहेत, पण ती फार पुढची गोष्ट आहे.

दुकानात ‘नॅनो’ लिहिलेल्या बाटल्या मिळतात, त्या?

हळदीतलं कर्क्युमिन आतड्यातून फार कमी शोषलं जातं. बारीक कण करून ते जास्त शोषलं जावं, एवढाच त्या बाटल्यांचा हेतू. शोषल्यावर ते रक्तात जातं आणि रक्ताबरोबर सगळीकडे. सांधा शोधून काढायची सोय त्या कणांत नाही. डॉक्टरांना न सांगता अशी बाटली मेथोट्रेक्झेटच्या जोडीला घेऊ नका.

पुढची बातमी येईल तेव्हा

पहिला प्रश्न: प्रयोग कुणावर झाला? मोहालीच्या नॅनोविज्ञान संस्थेने २०२० मध्ये झिंक ग्लुकोनेट (जस्ताचा एक क्षार) भरलेल्या कायटोसानच्या (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या पदार्थाच्या) कणांनी संधिवाताची तीव्रता कमी केल्याचं दाखवलं. चांगलं काम आहे, पण उंदरांवरचं. उंदरांना संधिवात मुद्दाम, टोचून आणतात. तो काही आठवड्यांत भडकतो आणि वाहिन्या ऐन गळक्या असतानाच औषध दिलं जातं. दहा वर्षं आजार असलेल्या, तीन औषधं चालू असलेल्या माणसाचा सांधा असा नसतो.

दुसरा प्रश्न: तुलना कशाशी? काहीच न दिलेल्या उंदराशी, की आजच्या चांगल्या उपचाराशी?

आणि कुणी तुम्हाला ‘नॅनो इंजेक्शनच्या ट्रायलमध्ये या’ म्हणून बोलावलं, तर त्या चाचणीचा सीटीआरआय क्रमांक मागा. भारतातली प्रत्येक औषधचाचणी या सरकारी नोंदवहीत नोंदवणं २००९ पासून बंधनकारक आहे आणि ती नोंदवही कुणालाही इंटरनेटवर बघता येते. नैतिक समितीची मंजुरी, तुम्हाला कळेल अशा भाषेतलं संमतिपत्र, चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार आणि भरपाई, हे सगळं २०१९च्या नियमांत आहे. चाचणीचं औषध सहसा फुकट दिलं जातं. पॅकेजचे पैसे आधी भरायला सांगितले, तर आधी तो क्रमांक नोंदवहीत शोधा आणि कागद घेऊन आपल्या ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरांकडे, जा. तोवर सोमवारची गोळी सोमवारीच.